सव्वाशे टक्के घरकाम

संख्याशास्त्राच्या वर्गाच्या दारात ती पहिल्या संध्याकाळी उभी राहिली, तेव्हा जाकीट घातलेल्या एका पोराने अगदी अदबीने विचारलं, "काकू, कुणाला न्यायला आलात का?" झालं. त्या वर्गात तिचं दुसरं नाव उरलं नाही. आपणही काकूच म्हणू. चाळिशी केव्हाच मागे टाकलेल्या बाईने विशीतल्या पोरांवर रागवायचं कशाला? काकूंना राग आला, पण त्यांनी तो गिळला. गिळायची सवय होती.

या वयात कॉलेजात जायची हौस कुणाला असते? काकूंना मुळीच नव्हती. त्या एका मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायच्या. विभागाचे प्रमुख आता निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खुर्चीसाठी पदवी लागते असा नियम होता. काकूंची पदवी एका विषयावाचून अडली होती. चिरंजीव पोटात असताना संख्याशास्त्राचा पेपर राहिला, तो राहिलाच. तेव्हा वाटलं, पुढच्या वर्षी देऊ. पुढचं वर्ष म्हणजे काय चीज असते हे लग्न झालेल्या बाईला सांगायला नको.

खुर्चीला दुसरा उमेदवार होता, त्याला सगळा विभाग 'डिग्रीवाला' म्हणायचा. तीन वर्षांपूर्वी आला, काकूंनीच त्याला हाताला धरून काम शिकवलं. आता पदवी त्याच्याकडे होती आणि अनुभव काकूंकडे, आणि नियमांना अनुभव दिसत नाही. कानामागून आला आणि तिखट झाला असं म्हणावं, तर पोरगा स्वभावाने इतका गोड की तशी सोयही नव्हती. "मॅडम, तुम्ही पास व्हा हो. तुम्हाला हुकूम द्यायची मला लाज वाटेल," असं तो मनापासून म्हणायचा. काकूंना ते ऐकून जास्तच झोंबायचं. पास झाल्या तर खुर्ची, नापास झाल्या तर निवृत्त होईपर्यंत या गोड पोराकडून रजा मंजूर करून घेणं. एवढा साधा हिशोब होता.

आता वर्गाविषयी. शिकवणाऱ्या प्राध्यापकांना पोरं 'सरासरी सर' म्हणत. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं असणार, कारण सर हुशारालाही मधलेच गुण देत आणि ढ पोरालाही मधलेच. सर फळ्याशी बोलत. फळाही त्यांचं मन लावून ऐके, निदान मध्येच मोबाइल तरी काढत नसे. त्यांची उदाहरणं सगळी एका पिशवीतली. पिशवीत इतके लाल चेंडू, इतके पांढरे चेंडू, न बघता एक काढला. काकूंना पहिल्या आठवड्यात प्रश्न पडला की न बघता चेंडू कोण काढतं आणि का. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारून टाकलं. सर फळ्याकडे बघत म्हणाले, "परीक्षेला येतं."

सरासरीचा धडा आला तेव्हा तर काकूंना हसू आवरेना. एक्स-रे विभागाबाहेर पाटी होती, 'सरासरी प्रतीक्षा वीस मिनिटे'. मोडका हात मांडीवर घेऊन सकाळपासून बसलेल्या माणसाला ती सरासरी समजावून सांगा बघू. काकूंनी एकदा प्रयत्न केला होता. त्या माणसाचा दुसरा हात धडधाकट होता, म्हणून त्या लगेच आत गेल्या.

पण एकेक करत काकूंना ते शास्त्र उमगायला लागलं, हेही खरं. आवडायलाही लागलं, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी सगळी कामं उरकून, उशिरा का होईना, त्या पहिल्या बाकावर येऊन बसत. लहान मुलांच्या मापाचा तो बाक, गुडघे वर येत, पण तिथे बसल्यावर कुणी 'अगं ऐकतेस का' म्हणत नसे. सत्र अर्धं संपलं आणि सरांनी प्रकल्प जाहीर केला.

"आपापल्या परिसरातून माहिती स्वतः गोळा करायची," सर फळ्याला म्हणाले. "तिचा पाय-चार्ट काढायचा, तो सक्तीचा आहे. मग त्यावरून एक गृहीतक मांडायचं आणि ते तपासायचं. प्रकल्पात नापास तो विषयात नापास. आणि एक गोष्ट लाल शाईने लिहा. माहिती गोळा करणाऱ्याने स्वतःला माहितीच्या बाहेर ठेवायचं. स्वतःला मोजलंत की निष्कर्ष बिघडला."

पोरांनी काही लिहिलं नाही. काकूंनी लाल शाईने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पोरांचे प्रकल्प त्याच आठवड्यात झालेसुद्धा. जाकीटवाल्याने कॅन्टीनमध्ये चहा थंड व्हायच्या आत दोनशे लोकांची झोप मोजली. "काकू, लोकांना कशाला उठवायचं विचारायला?" तो म्हणाला. "झोपू द्या त्यांना. आकडे आपणच टाकायचे, फक्त फरक येईल असे टाकायचे. फरक आला की सर खूश. मागच्या वर्षी एकाचा फरक आला नाही, तर सर म्हणाले, मग तू केलंस काय?"

काकूंना हे जमण्यातलं नव्हतं. इस्पितळातली माहिती बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून त्यांनी विषय घरातला निवडला. घरकामात कोणाचा किती टक्के वाटा. घरात माणसं चार. काकू माहिती गोळा करणार, तेव्हा त्या नियमाप्रमाणे बाहेर. राहिले तिघं. सरांनी सांगितलं होतं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडता कामा नये. काकूंनी प्रत्येकाला वेगळं गाठलं.

नवऱ्याला गाठलं तेव्हा त्या त्याच्या शर्टाला इस्त्री करत होत्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळ्या शहराला वर-खाली नेऊन घरी आला की तो खुर्चीत बसायचा, तो बसायचाच. "चाळीस टक्के," तो म्हणाला. "नळ कोण बघतं? कचरा कोण नेतं? बिलं कोण भरतं? कमीच सांगतोय मी, चाळीस."

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना विचारलं तेव्हा काकू त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होत्या. "निम्मं," सासूबाई म्हणाल्या. "देखरेख नसेल तर काम म्हणजे नुसती धावपळ. तुला आठवण कोण करतं दूध वर आलं म्हणून?" उंटावरून शेळ्या हाकणं हेही काम धरायचं का, असं काकूंच्या ओठांवर आलं होतं. पण माहिती गोळा करणाऱ्याने मत द्यायचं नसतं. त्यांनी पन्नास लिहिले.

चिरंजीव नोकरीला लागून वर्ष झालं होतं. त्यांनी कानातला इअरफोन न काढताच उत्तर दिलं. "पस्तीस. सामान मी मागवतो ना फोनवरून. मी मागवलं नाही तर तू शिजवणार काय?" हे मात्र बिनतोड होतं.

रविवारी काकू कंपास आणि कोनमापक घेऊन बसल्या. वर्तुळ छान गोल आलं. नवऱ्याचा तुकडा काढला. सासूबाईंचा काढला, तो बरोबर अर्धा. आणि चिरंजीवांची पाळी आली तेव्हा जागाच उरेना. उरलेल्या फटीत पोरगा कसाबसा एक खांदा घालू शकला असता. तुकडा पुढे रेटला तर तो थेट बापाच्या अंगावर जाऊन बसत होता. काकूंनी बेरीज केली. सव्वाशे. पुन्हा केली. आकडे म्हणजे नातेवाईक नव्हेत, आपण बोलणं फिरवलं म्हणून ते फिरत नाहीत. सव्वाशेच.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो कागद बघितला आणि प्रथमच फळ्याकडे पाठ केली. "शंभराच्या वर जाणारा पाय-चार्ट मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. माहिती चूक आहे. दुरुस्त करून आणा."

"माहिती त्यांनी दिलीय, सर. मी कशी दुरुस्त करू?"

"मग त्यांच्याकडून दुरुस्त करून आणा. शंभर म्हणजे शंभर. नाहीतर प्रकल्प नापास."

त्या रात्री जेवताना काकूंनी विषय काढला. वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्हा तिघांचं मिळून सव्वाशे टक्के होतंय. पंचवीस कुणीतरी कमी करा. नाहीतर मी नापास."

तिघांनी एकमेकांवर संशयाची नजर टाकली. कुणाच्या घरात इस्टेटीची वाटणी चालली असावी तशी.

"चिरंजीवांनी सोडावे," नवरा म्हणाला. "बोटाने फोन दाबणं म्हणजे काम नव्हे."

"आणि तुम्ही कचरा नेता तो लिफ्टने नेता ना, बाबा? मग लिफ्टला द्या थोडे टक्के."

"मी माझ्या पन्नासातला एक सोडणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर शाळा चालवलीय. अजून थोडी भाजी वाढ गं."

काकूंनी भाजी वाढली. पाण्याचं भांडं रिकामं झालं होतं, ते भरून आणलं. नवऱ्याने गेल्या वर्षी बसवलेल्या नळाचा दाखला दिला. सासूबाईंनी त्याच नळातून गळणाऱ्या पाण्याचा दिला. चिरंजीवांनी 'मी एकदा भांडी घासली होती' हा जुना मुद्दा काढला, आणि आश्चर्य म्हणजे तारीख सांगितली. काकू गरम गरम वाढत राहिल्या, ताटं गोळा करत राहिल्या, मध्येच ओटा पुसत राहिल्या. शेवटी चिरंजीवांनीच तोडगा काढला. सगळ्यांना एकाच मापाने कात्री लावायची. फोनवर त्याने भागाकार केला. बाबा बत्तीस, आजी चाळीस, तो स्वतः अठ्ठावीस. बेरीज चोख शंभर.

"तुझ्या परीक्षेसाठी हो," नवरा म्हणाला. "नाहीतर मी बत्तीसवर आलो नसतो."

"आठवण ठेव," सासूबाई म्हणाल्या.

काकूंनी सगळ्यांचे आभार मानले. हो, मानले. मग स्वयंपाकघर आवरून त्या बसल्या आणि पाय-चार्ट काढला. या वेळी तिन्ही तुकडे असे बसले की मध्ये केसाचीही फट राहिली नाही. खाली एक वाक्याचं अनुमान लिहायचं होतं. काकूंनी लिहायला घेतलं, 'घरातील शंभर टक्के काम हे तीन सदस्य...' आणि पेन थांबलं.

घरातलं शंभर टक्के काम तिघं करतात. मग चौथी काय करते?

आधी त्यांना हसू आलं. मग राग आला. सर्वांत जास्त राग आला तो स्वतःचा. त्या तिघांना काकू आठवल्या नाहीत हे समजण्यासारखं होतं. पण काकूंनाही काकू आठवल्या नव्हत्या. सरांनी बाहेर राहा म्हटलं आणि त्या इतक्या निमूट बाहेर राहिल्या, की बेरीज सव्वाशे झाली तेव्हासुद्धा आपण त्यात नाही हे ध्यानात आलं नाही. मुसळ केरात म्हणतात ते हेच. आणि मग काकूंच्या डोक्यात सरांचा धडा सरळ उभा राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी सरांपुढे गृहीतक ठेवलं. सर शिकवत ते असं, की आधी 'फरक पडत नाही' असं धरून चालायचं. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग पुरावा गोळा करून ते फेटाळता येतं का बघायचं. काकूंनी लिहिलं होतं, 'या स्त्रीने काम केले वा न केले, तरी घराला फरक पडत नाही.'

सर खूश झाले. "बघा रे," ते वर्गाकडे वळून म्हणाले, "शून्य गृहीतक असं मांडतात." ती स्त्री कोण, हे त्यांनी विचारलं नाही. चेंडू लाल की पांढरा एवढंच त्यांना लागायचं.

घरी काकूंनी प्रयोग समजावून सांगितला. दोन आठवडे त्या नेहमीसारखं काम करणार, पुढचे दोन आठवडे कशालाच हात लावणार नाहीत. रोज संध्याकाळी तिघांनी, एकमेकांना न दाखवता, घराला दहापैकी गुण द्यायचे. जेवण, स्वच्छता, कपडे, सगळं धरून.

"हात लावणार नाही म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही तिघं मिळून शंभर टक्के करताच की. मी नसले तर कमी काय होणार? आणि मी हात लावला तर प्रयोग बिघडेल आणि मी नापास होईन."

बायको विभागप्रमुख होणार हे नवरा सगळ्या इमारतीला सांगून चुकला होता. तोंडच्या बत्तीस टक्क्यांतून आता सुटका नव्हती.

पहिले दोन आठवडे काकूंनी जीव तोडून काम केलं. गुण आले सात, सहा, सात. सासूबाईंनी सातच्या वर पाऊल टाकलं नाही. पूर्ण गुण दिले की मूल शेफारतं, ही त्यांची शाळेतली शिस्त. चिरंजीवांनी एकदा चार दिले, कारण हवा तो शर्ट ओला होता.

मग काकूंनी हात काढून घेतला. आता खरं सांगायचं, तर त्यांना घर कोसळायला हवं होतं. धडाधड, आवाज करत. इस्पितळातून घरी येताना त्या मनात चित्र रंगवायच्या, की तिघंही दारात उभे आहेत आणि म्हणताहेत, चुकलो, तुझ्यावाचून काही चालत नाही. आणि सुरुवात तशी आशादायक झाली. पहिले तीन दिवस चिरंजीवांनी जेवण फोनवरून मागवलं. चौथ्या दिवशी आजीचं पोट बिघडलं. कचऱ्याची बादली उतू गेली, कारण बत्तीस टक्केवाल्याला वाटायचं ती कुणीतरी दाराशी आणून ठेवतं आणि आपण फक्त न्यायची. बाथरूममध्ये ओल्या टॉवेलांचा ढीग झाला आणि त्याला वास यायला लागला. काकू पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसल्या. उठून तो ढीग धुवायला टाकावा असं हाताला इतकं वाटे, की त्यांनी हात मांडीखाली घेतले. गुण घसरले. पाच, चार, तीन. काकू रात्री समाधानाने झोपल्या.

आणि मग तो घात झाला. सासूबाई उठल्या. "सरा सगळे," म्हणाल्या, आणि कित्येक वर्षांनी ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी भात आणि भाजी केली. भाजी खाली लागली होती, पण झाली होती. नवऱ्याने भांडी घासायला घेतली. लिफ्टचे भाग उघडून, पुसून, पुन्हा जागच्या जागी बसवावेत तसं तो एकेक पातेलं करायचा, त्याला अर्धी संध्याकाळ लागायची, पण पातेलं असं निघायचं की त्यात तोंड दिसावं. त्याने भिंतीवर कामाच्या पाळ्या लावल्या. चिरंजीव शिव्या देत का होईना, टॉवेल धुवायला शिकले. भांडणं रोज व्हायची, जेवण रोज उशिरा व्हायचं, पण व्हायचं. गुण चढले. सात. सात. आणि शेवटच्या दिवसांत नवऱ्याने स्वतःच्या हातच्या करपलेल्या रश्शाला नऊ दिले.

काकूंनी सगळे आकडे मांडले, मध्य काढला, विचलन काढलं, सरांनी शिकवलेली कसोटी लावली. दोन्ही पंधरवड्यांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. शून्य गृहीतक फेटाळता येत नाही.

इस्पितळातल्या अंधाऱ्या खोलीत, दोन पेशंटांच्या मध्ये, काकू थोडं रडल्या. लाजायचं काय त्यात. आपल्यावाचून कुणाला उचलणार नाही असं वाटून जे ओझं वीस वर्षं वाहिलं, ते त्या तिघांनी पंधरा दिवसांत उचललं. वाकडंतिकडं उचललं, सांडलवंड केली, पण उचललं. मग इतकी वर्षं ते उचलत का नव्हते? या प्रश्नाला संख्याशास्त्रात कसोटी नाही.

जाकीटवाल्याने कॅन्टीनमध्ये त्यांचे आकडे बघितले आणि कपाळाला हात लावला. "काकू, हे घेऊन तोंडी परीक्षेला जाऊ नका. फरक नाही म्हणजे सर तुम्हाला सोलणार. हे शेवटी सात-सात गुण आहेत ना, त्यांचे चार करा. सहा आकडे बदलले की काम फत्ते. वर तुमचीच किंमत वाढतेय, बघा."

खरंच की. काकूंनी पेन हातात घेतलं. सहा आकडे. सर खूश, खुर्ची नक्की, आणि कागदावर कायमचं लिहिलं जाणार की या बाईवाचून या घराचं पान हलत नाही. काकूंना ते इतकं हवं होतं की पेनाचं टोपण उघडलं गेलं. मग त्या म्हणाल्या, "वीस वर्षं एक्स-रे काढतेय रे. फोटोत हाड धड दिसतंय आणि पेशंट दुखतंय म्हणतोय, असं रोज होतं. म्हणून मी पेन्सिलने हाड मोडत नाही."

"पण दुखतं ना?"

"दुखतं," काकू म्हणाल्या आणि टोपण लावलं.

तोंडी परीक्षेला त्या खोलीत सर होते, टेबल होतं आणि फळा नव्हता, त्यामुळे सरांना काकूंकडेच बघावं लागलं. त्यांनी शेवटचं पान उलटलं. "फरक नाही?"

"नाही, सर."

"म्हणजे तुम्ही ज्या स्त्रीचा अभ्यास केलात, तिची त्या घरात गरज नाही असं सिद्ध झालं."

"नाही, सर. फरक आहे असं दिसलं नाही, एवढंच झालं. फरक नाहीच असं सिद्ध होत नसतं. तुम्हीच शिकवलंत." काकू थांबल्या नाहीत. "शिवाय गुण देणारे आणि काम करणारे एकच होते. आपल्या हातचं करपलेलं माणसाला गोडच लागतं. हा दोष मी लिहिलाय. आणि घरातलं काम होण्यासाठी तिची गरज नाही, असं फार तर म्हणता येईल. तिची गरज नाही असं नव्हे. ते मी मोजलेलंच नाही."

सरांनी पहिल्या पानावरचा पाय-चार्ट उघडला. "यात ती स्त्री कुठे आहे?"

"ती मी आहे, सर. तुम्ही बाहेर राहायला सांगितलं होतं. लाल शाईने."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग प्रकल्पाच्या शेवटी दोन ओळी खरडल्या आणि गुण दिले. अर्थातच मधले. पण मधले म्हणजे पास.

इस्पितळात सर्वांत आधी डिग्रीवाला अभिनंदन करायला आला आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला. काकूंना तो त्या दिवशी प्रथमच नुसता गोड वाटला.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा तिघंही स्वयंपाकघरात होते. सासूबाई स्टुलावर बसून भाजी चिरत होत्या, चिरंजीव टॉवेलांच्या घड्या घालत होते, नवरा पातेल्यात डाव फिरवत होता.

"पास?" नवऱ्याने विचारलं.

"पास."

तिघांचेही चेहरे फुलले, आणि ते खोटं नव्हतं. चिरंजीवांनी आईला मिठी मारली. सासूबाई म्हणाल्या, "मला माहीत होतं." नवऱ्याने तर डाव वर करून नाचवला, आणि मग तोच डाव, दांडा पुढे करून, अगदी प्रेमाने काकूंच्या हातात द्यायला आला. "सुटलो बाई एकदाचे. झाला तुझा प्रयोग. घे."

काकूंनी डाव घेतला नाही. त्यांनी पिशवीतून प्रकल्प काढला, शेवटचं पान उघडलं आणि सरांच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. "नमुना लहान. कालावधी अपुरा. निष्कर्षापूर्वी प्रयोग दीर्घकाळ चालवावा."

"दीर्घकाळ म्हणजे किती?" नवऱ्याने विचारलं.

"ते सरांनी लिहिलेलं नाही," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. "भूक लागलीय मला. वाढा."